पडद्यावरचा ख्रिस्त आणि धार्मिक समीक्षेचे निकष

येशू ख्रिस्ताचे चरित्र हा चित्रपटमाध्यमाचा जवळजवळ जन्मापासूनचा विषय आहे. ल्युमिएर बंधूंच्या पॅरिसमधील पहिल्या जाहीर प्रयोगाला (१८९५) दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच ख्रिस्ताच्या दुःखसहनाची दृश्ये युरोप-अमेरिकेत पडद्यावर येऊ लागली. या चित्रपटांवर धर्मसंस्थांनी आणि श्रद्धावंतांनी केलेली समीक्षाही जवळजवळ तितकीच जुनी आहे. साहित्य आणि चित्रपट यांच्या अभ्यासात मात्र तिची नोंद बहुधा सेन्सॉरशिपच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणूनच होते. एकीकडे कलावंताचे स्वातंत्र्य, दुसरीकडे दुखावलेल्या भावना आणि मध्ये न्यायालय, अशी ही मांडणी असते. समीक्षक नेमके काय म्हणत होते, हा प्रश्न तीत बाजूला पडतो.

वस्तुतः धार्मिक समीक्षा जे प्रश्न विचारते ते तौलनिक साहित्याभ्यासाला परके नाहीत. मूळ संहिता कोणती, तिच्याशी निष्ठा म्हणजे काय, तिच्यातील मोकळ्या जागा कोणी आणि कोणत्या अधिकाराने भराव्यात, रूपांतराचा परिणाम कोणावर होतो, हे ते प्रश्न होत. प्रस्तुत लेखात काही निवडक चित्रपटांच्या आधारे या समीक्षेचे निकष तपासले आहेत. जेथे तिने आपली प्रमाणसंहिता उघडपणे सांगितली तेथे ती रूपांतराची उत्तम समीक्षा ठरली. जेथे ती संहिता न सांगता गृहीत धरली तेथे समीक्षेची जागा बंदीच्या मागणीने घेतली, असे या तपासणीतून दिसते.

रूप दाखवण्याचा प्रश्न

ख्रिस्ती परंपरेत प्रतिमेविषयीचा वाद चित्रपटाच्या हजार वर्षे आधी होऊन गेला होता. आठव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात मूर्तिभंजनाची लाट उसळली, तेव्हा दमास्कसच्या योहानाने प्रतिमेचे समर्थन देहधारणाच्या सिद्धांतावर उभे केले. देवाने देह धारण केला, म्हणून त्या देहाचे चित्र काढता येते, असा त्याचा युक्तिवाद होता. इ. स. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमेला मान्यता दिली आणि प्रतिमेस दिलेला मान मूळ व्यक्तीस पोचतो असे ठरवले. पुढे प्रोटेस्टंट पंथांनी, विशेषतः कॅल्व्हिनच्या परंपरेने, ही भूमिका नाकारली. दहा आज्ञांतील प्रतिमानिषेधाबरोबरच तिचा आणखी एक आक्षेप होता. चित्र फक्त मानवी रूप दाखवू शकते. त्यामुळे ख्रिस्ताच्या ठायी एकवटलेले देवत्व आणि मनुष्यत्व प्रतिमेत एकमेकांपासून सुटे होतात.

चित्रपटाने या जुन्या वादात नवी अडचण आणली. पौर्वात्य चर्चमधील प्रतिमाचित्रकार ठरलेल्या संकेतांनुसार चेहरा रेखाटतो. तो चेहरा कोणा हयात माणसाचा नसतो. नट मात्र स्वतःचा देह देतो आणि तोच नट पुढल्या चित्रपटात दुसऱ्या भूमिकेत दिसतो. ब्रिटनच्या चित्रपट परिनिरीक्षण मंडळाने १९१३ मध्ये काम सुरू केले तेव्हा त्याचे ठाम नियम दोनच होते: नग्नता नको आणि ख्रिस्ताचे प्रत्यक्ष रूप नको. या संकोचाचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. विल्यम वायलर यांच्या 'बेन हर' (१९५९) या चित्रपटात ख्रिस्त येतो, परंतु त्याचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे चेहरे दिसतात. निषेधातून कलात्मक युक्ती जन्मास येते याचे हे चांगले उदाहरण होय.

अमेरिकेत वेगळी वाट निघाली. सेसिल बी. डीमिल यांनी 'द किंग ऑफ किंग्ज' (१९२७) करताना धर्मगुरूंना सल्लागार म्हणून नेमले. त्यांपैकी डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूचा १९३० च्या हॉलिवूड आचारसंहितेच्या लेखनात मोठा वाटा होता. धर्मश्रद्धेची टिंगल करू नये, धर्मगुरूला विदूषक वा खलनायक करू नये, अशी कलमे त्या संहितेत होती. लक्षणीय बाब अशी की, याच चित्रपटाला सर्वांत गंभीर आक्षेप ख्रिस्ती नव्हे तर यहुदी संस्थांकडून आला. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष यहुदी समाजावर जातो असे त्यांनी दाखवून दिले आणि चित्रपटात काही बदल करावे लागले. 'काय दाखवले' याच्या जोडीला 'कोणाला भोगावे लागेल' हा निकष या वादात ठळकपणे पुढे आला.

एक चरित्र, चार संहिता

ख्रिस्तचरित्राच्या रूपांतराची मूळ अडचण अशी की त्याला एक मूळ संहिता नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमाने आहेत आणि त्यांचे तपशील, क्रम व रोख वेगवेगळे आहेत. दुसऱ्या शतकात तातियान याने चारही वृत्तांत गुंफून 'दियातेस्सरोन' हे एकसंध कथन तयार केले. सिरियाक चर्चमध्ये ते दीर्घकाळ वाचले गेले. परंतु पाचव्या शतकात तेथेही ते मागे पडून स्वतंत्र चार ग्रंथ प्रस्थापित झाले. एकच सुबक कथा हाती असताना चर्चने परस्परांशी पूर्णपणे न जुळणारे चार वृत्तांत राखले, ही साहित्यदृष्ट्या मोठी अर्थपूर्ण निवड होती. ख्रिस्तपट बहुधा तातियानाचीच वाट धरतात. क्रूसावरची सात वचने एका दमात ऐकवणारा चित्रपट कोणत्याही एका शुभवर्तमानाशी एकनिष्ठ नसतो.

पिएर पाओलो पासोलिनी यांनी 'मत्तयलिखित शुभवर्तमान' (१९६४) या चित्रपटात ही वाट नाकारली. संवाद मत्तयाच्या ग्रंथातून घेतले, नवशिके नट घेतले आणि दक्षिण इटलीतील मातेरा या दरिद्री गावात चित्रण केले. पासोलिनी मार्क्सवादी होते. आदल्याच वर्षी 'ला रिकोत्ता' या लघुपटाबद्दल राज्यधर्माच्या अवमानाच्या आरोपावरून ते दोषी ठरले होते. असे असूनही या चित्रपटाला कॅथॉलिक चित्रपटसंघटनेचा पुरस्कार मिळाला आणि १९९५ मध्ये, चित्रपटशताब्दीच्या निमित्ताने व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ४५ महत्त्वाच्या चित्रपटांच्या यादीत त्याला स्थान मिळाले. त्याच यादीत निरीश्वरवादी बुन्युएल यांचा 'नासारीन' (१९५९) हाही आहे. दिग्दर्शकाची श्रद्धा हा निकष येथे गौण ठरला. तरीही पासोलिनींची निष्ठा निर्विवाद नव्हे. त्यांनी मत्तयाचा मजकूर गाळला, त्याचा क्रम बदलला, आणि धर्मपुढाऱ्यांवरील कठोर भाषणांना असे वजन दिले की ख्रिस्त क्रांतिकारक वाटू लागतो. शब्द मूळचे ठेवूनही अर्थ हलवता येतो, हे रूपांतराच्या अभ्यासकाला परिचित सत्य या चित्रपटाच्या धार्मिक समीक्षेलाही हाताळावे लागले.

मेल गिब्सन यांच्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) या चित्रपटाच्या बाबतीत प्रश्न उलट होता. अरामी, लॅटिन आणि हिब्रू भाषांच्या वापरामुळे चित्रपटाने ऐतिहासिक अस्सलतेचा दावा केला. प्रत्यक्षात त्यातील अनेक तपशील शुभवर्तमानांतील नसून अ‍ॅना काथारिना एमेरिक या जर्मन जोगिणीच्या दर्शनांतील आहेत. पिलाताची पत्नी मरियेला वस्त्र आणून देते, हा प्रसंग त्यांपैकीच एक. ही दर्शने १८३३ मध्ये प्रसिद्ध झाली ती क्लेमेन्स ब्रेन्टानो या स्वच्छंदतावादी कवीने शब्दांकित केलेल्या रूपात. पहिल्या शतकाचा म्हणून पाहिला गेलेला हा चित्रपट बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील जर्मन साहित्याचे रूपांतर होता.

ही गोष्ट उघड करण्याचे श्रेय धार्मिक समीक्षेला द्यावे लागते. २००३ मध्ये कॅथॉलिक आणि यहुदी अभ्यासकांच्या एका गटाने पटकथेचा आरंभीचा खर्डा वाचून टीका केली. तिला आधार होता तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील घोषणेचा आणि अमेरिकन बिशपांच्या समितीने १९८८ मध्ये दुःखसहनाच्या नाट्यरूपांसाठी घालून दिलेल्या निकषांचा. चारही शुभवर्तमानांतील कठोर ते निवडून एकत्र करण्याची पद्धत या निकषांना मान्य नव्हती. मत्तय २७:२५ मध्ये जमाव ख्रिस्ताच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि आपल्या संततीवर घेतो. या उद्गाराने शतकानुशतके यहुद्यांच्या छळाला निमित्त पुरवले. गिब्सन यांनी अखेर त्याची उपशीर्षक-ओळ काढली. अरामी ध्वनी मात्र तसाच राहिला. अर्थ काढून ध्वनी ठेवण्याची ही तडजोड भाषांतराच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. येथे समीक्षकांनी बंदी मागितली नाही. संहिता, तिची निवड आणि तिचा परिणाम यांवर बोट ठेवले.

मोह, रमणे आणि संमती

याच्या नेमके उलट घडले ते मार्टिन स्कोर्सेसी यांच्या 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट' (१९८८) या चित्रपटाबाबत. निकोस काझान्त्झाकिस यांची मूळ कादंबरी व्हॅटिकनने १९५४ मध्येच निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली होती. क्रूसावर असताना ख्रिस्ताला विवाह, संसार, मुले, वार्धक्य असे सामान्य मानवी आयुष्य दिसते आणि ते नाकारून तो पुन्हा क्रूसाकडे येतो, हा तिचा गाभा. चित्रपट शुभवर्तमानांवर आधारलेला नाही, असे निवेदन चित्रपटाच्या आरंभीच केलेले आहे. अमेरिकेत तीव्र निदर्शने झाली. एका सुवार्तावादी नेत्याने निर्मितीचा खर्च भरून देण्याची तयारी दाखवून सर्व प्रती नष्ट करण्याचा प्रस्ताव मांडला. पॅरिसमध्ये ऑक्टोबर १९८८ मध्ये एका चित्रपटगृहाला आग लावण्यात आली आणि त्यात प्रेक्षक जखमी झाले.

या गदारोळात एक खरा धर्मशास्त्रीय प्रश्न हरवला. इ. स. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेनुसार ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे. इब्रीकरांस पत्रानुसार (४:१५) त्याला सर्व प्रकारचे मोह झाले, पण पाप घडले नाही. काझान्त्झाकिस यांचे समर्थक याच वचनाचा आधार घेतात, आणि तो आधार पोकळ नाही. परंतु लॅटिन परंपरेत मोहाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: सूचना, तीत रमणे आणि संमती. ऑगस्टीनने केलेले हे विश्लेषण सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी ख्रिस्ताला लावले आणि त्याला मोह झाला तो केवळ सूचनेच्या पातळीवर, असे प्रतिपादन केले. चित्रपटातील स्वप्नदृश्य सुमारे अर्धा तास चालते. तेवढा काळ प्रेक्षकही त्या संसारात राहतो. म्हणजे चित्रपट सूचनेपाशी थांबत नाही, रमण्याच्या पायरीवर उतरतो, आणि संमती मात्र अखेर नाकारतो. हा दोष मानावा की मनुष्यत्वाचा सखोल शोध मानावा, याविषयी मतभेद होऊ शकतात. पण वादाची जागा हीच होती. 'ईश्वरनिंदा' हा एकच शब्द वापरल्याने ती झाकली गेली. श्रद्धेच्या बाजूने जो सर्वांत बळकट युक्तिवाद करता आला असता, तो निदर्शनांच्या घोषणांत कोठेच नव्हता.

न्यायालयांचा अनुभवही हेच सांगतो. रोसेलिनी यांच्या 'द मिरॅकल' (१९४८) या लघुपटावर न्यूयॉर्कच्या कार्डिनल स्पेलमन यांनी १९५१ मध्ये कडाडून टीका केली आणि प्रदर्शनाचा परवाना रद्द झाला. १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'पावित्र्यभंग' हे बंदीचे कारण होऊ शकत नाही असा निर्णय दिला. त्याच रोसेलिनी यांचा संत फ्रान्सिसवरील चित्रपट (१९५०) पुढे व्हॅटिकनच्या वर उल्लेखिलेल्या यादीत आला. चिलीमध्ये स्कोर्सेसी यांच्या चित्रपटावर घातलेली बंदी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २००१ मध्ये अवैध ठरवली. धर्मसंस्थेने शासनाच्या हातून मिळवलेला निर्णय टिकला नाही, आणि चित्रपटाविषयीचे तिचे म्हणणेही लोकांच्या स्मरणात राहिले नाही.

भारतातील वाद: निवेदन आणि बंदी

काझान्त्झाकिस यांची कादंबरी भारतात वादग्रस्त ठरली ती चित्रपटाच्या आधी, नाटकातून. पी. एम. अँटनी यांचे 'क्रिस्तुविंटे आराम तिरुमुरिवु' (ख्रिस्ताची सहावी जखम) हे तिच्यावर आधारित मल्याळम नाटक १९८६ मध्ये रंगभूमीवर आले आणि चर्चच्या विरोधानंतर त्याच्या प्रयोगांवर बंदी आली. ख्रिस्ताच्या पाच पवित्र जखमांची भक्ती केरळच्या कॅथॉलिक समाजात रुजलेली आहे. सहावी जखम कोणाची आणि कोणी केलेली, हा शीर्षकातील प्रश्न त्या भक्तिपरंपरेच्या आतून उठलेला होता. एक ग्रीक कादंबरी मल्याळम भक्तिभाषेत कशी रुजते, हा तौलनिक अभ्यासाचा विषय बंदीमुळे कायद्याचा विषय होऊन गेला.

२००६ मध्ये 'द दा विंची कोड' या चित्रपटाबाबत देशभर वाद झाला. डॅन ब्राउन यांची मूळ कादंबरी २००३ पासून उपलब्ध होती. परिनिरीक्षण मंडळाने केवळ प्रौढांसाठी, आणि कथा काल्पनिक असल्याचे निवेदन जोडण्याच्या अटीवर, प्रमाणपत्र दिले. तरीही गोवा, नागालँड, पंजाब, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आदी राज्यांनी बंदी घातली. आंध्र प्रदेश आणि मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांतील बंदी रद्द ठरवली. स्कोर्सेसी यांच्या चित्रपटातील निवेदन निर्मात्यांनी स्वतः घातलेले होते. भारतातील निवेदन शासनाच्या अटीचे होते. दोन्हींचे काम एकच: चित्रपटाला प्रमाणसंहितेपासून दूर ठेवणे. पण ब्राउन यांच्या कादंबरीचे बळ नेमके याच्या उलट्या निवेदनात होते. तिच्या आरंभीचे पान त्यातील कलाकृती, दस्तऐवज आणि विधी यांची वर्णने वास्तव असल्याचे सांगते.

म्हणूनच या वादात जी समीक्षा टिकली ती संहितांची होती. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या पहिल्या परिषदेत मतदानाने ख्रिस्ताला देवत्व मिळाले, हे कथानकातील विधान तपासताना समीक्षकांनी पौलाच्या पत्रांकडे बोट दाखवले. ती परिषदेच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधीची असून ख्रिस्ताच्या देवत्वाची भाषा त्यांत आहे. १९४५ मध्ये नाग हम्मादी येथे सापडलेल्या ग्रंथांचे खरे स्वरूपही या निमित्ताने सामान्य वाचकांपर्यंत गेले. चित्रपटात तर नायक स्वतःच अशा विधानांवर शंका घेतो. कादंबरीत तो तशी घेत नाही. रूपांतराने मूळ कादंबरी सौम्य केली होती. बंदी मागणाऱ्यांना हा फरक दिसला नाही.

भारतातील आक्षेपांना आणखी एक पदर आहे. येथे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे, आणि ख्रिस्ताविषयीच्या चित्रपटापेक्षा ख्रिस्ती माणसाविषयीचा चित्रपट त्याच्या रोजच्या जगण्याला अधिक भिडतो. 'बॉबी' (१९७३), 'जूली' (१९७५), 'अमर अकबर अँथनी' (१९७७) अशा हिंदी चित्रपटांतून मद्य, नृत्य, आखूड पोशाख आणि मोडकी हिंदी ही ख्रिस्ती पात्राची खूण झाली. वसईचे सामवेदी बोलणारे शेतकरी किंवा अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) परिसरातील, ना. वा. टिळकांची मराठी पदे गाणारे ख्रिस्ती त्या साच्यात बसत नाहीत, म्हणून ते पडद्यावर क्वचितच येतात. हा आक्षेप धर्मशास्त्रीय नसून प्रतिनिधित्वाचा आहे. ईश्वरनिंदेच्या भाषेत तो मांडला की दोन्ही आक्षेप दुबळे होतात: सिद्धांताचा प्रश्न अस्मितेत विरघळतो आणि अपमानाची खरी तक्रार असहिष्णुता ठरते.

पुराणाची परंपरा

रूपांतराकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी मराठीच्या परंपरेत उपलब्ध आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ धर्मसंस्थेच्या अनुमतीने प्रसिद्ध झाला, आणि तरीही तो शब्दनिष्ठ नाही. बायबलची कथा त्याने पुराणाच्या घाटात बसवली आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' असा शब्द योजला. श्रोता बदलला की निष्ठेचे रूप बदलते, हे या ग्रंथाने गृहीत धरले होते. निष्ठा शब्दांशी की विश्वासाच्या आशयाशी, या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर आजच्या ख्रिस्तपटांच्या वादातही उपयोगी आहे.

तीन शतकांनी पुराण आणि ख्रिस्तचरित्र यांची भेट पुन्हा झाली, या वेळी मुंबईच्या चित्रपटगृहात. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना मनःचक्षूंपुढे राम-कृष्ण येत होते, असे त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील लेखमालेत (१९१७-१८) नमूद केले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) त्यातून आला. भारतीय पौराणिक चित्रपटाच्या उगमापाशी ख्रिस्तपट आहे. पुढे ए. भीमसिंग यांच्या 'करुणामयुडु' (१९७८) या तेलुगू चित्रपटाने हे ऋण फेडले. पौराणिक चित्रपटाचे संकेत, गाणी आणि दर्शनाची रीत स्वीकारून त्याने ख्रिस्ताची कथा सांगितली, आणि 'दयासागर' या नावाने हिंदीतही तो गावोगाव दाखवला गेला. युरोपीय ख्रिस्तपटांवर मनुष्यत्व अधिक झाल्याचा आक्षेप येतो. येथे प्रश्न उलटा उभा राहतो. दर्शन देणाऱ्या देवाच्या रूपात घाम गाळणारा, थकणारा, मरणाला भिणारा मनुष्य कितपत उरतो? खाल्सेदोनचा तोल दोन्ही बाजूंना ढळू शकतो. धार्मिक समीक्षेने एकाच बाजूवर पहारा ठेवला, ही तिची मर्यादा होय.

उपरोक्त विवेचनावरून धार्मिक समीक्षेचे मूल्य ठरवण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे वाटतात. समीक्षक कोणती संहिता प्रमाण मानतो आणि ते सांगतो का? त्याने कलाकृती पाहिली आहे का? आणि आपला आक्षेप सिद्धांताचा, इतिहासाचा की प्रतिनिधित्वाचा, हे त्याने वेगळे केले आहे का? गिब्सन यांच्या चित्रपटावरील अभ्यासकांची टीका या कसोट्यांना बव्हंशी उतरते. स्कोर्सेसी यांच्या चित्रपटाविरुद्धची निदर्शने उतरत नाहीत. याच कसोट्या साहित्याच्या अभ्यासकालाही लागू आहेत. श्रद्धावंताचा आक्षेप न वाचताच त्याला असहिष्णुतेच्या खात्यात टाकणारा अभ्यासक आणि चित्रपट न पाहताच बंदी मागणारा निदर्शक, दोघेही एकच चूक करतात. मराठीत 'ज्ञानोदय'पासून (१८४२) ख्रिस्ती नियतकालिकांची दीर्घ परंपरा आहे. चित्रपटांविषयीचे त्यांतील लेखन या दृष्टीने वाचणे हे पुढील संशोधनाचे काम आहे.